'जमावबंदी आहे' आणि 'परवानगी नाही', यातला फरक

दर पंधरा-वीस दिवसांनी कुठल्या ना कुठल्या वॉट्सॲप ग्रुपवर येतंच, "शहरात जमावबंदी लागू!!", आणि मग कुणाची तरी मावशी विचारते की रविवारी साखरपुडा आहे, हॉलवाल्याला फोन करू का. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईत असंच झालं होतं, बातमी इतकी फिरली की शेवटी पोलिसांनाच सांगावं लागलं की बाबांनो हा नेहमीचा आदेश आहे, तुमच्या रोजच्या जगण्याशी याचा काही संबंध नाही. लग्न, अंत्ययात्रा, सिनेमा, शाळा-कॉलेज हे सगळं त्या आदेशात वगळलेलं असतं, पण शेवटपर्यंत वाचतो कोण.

तर मावशीचा साखरपुडा होतो व्यवस्थित. अडकतात ते दुसरे लोक, ज्यांना खरंच पंधरा-वीस माणसं घेऊन कुठेतरी मोकळ्या जागेत बोर्ड धरून बसायचं असतं. त्यांना पोलीस ठाण्यात दोन वाक्यं ऐकायला मिळतात, "परवानगी घेतली का?" आणि "जमावबंदी चालू आहे". दोन्ही एकाच टेबलावरून, एकाच सुरात येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं एकच गोष्ट दोनदा सांगितली. तसं नाहीये. आणि हा घोळ फक्त आपल्याच डोक्यात असता तर चाललं असतं, तो कागदावरपण होतो.

आमचंच सांगतो. आमच्या भागात पाणी रात्री दोनला यायचं, तेही करंगळीएवढं, दीड महिना असं चाललं तेव्हा बायकांनीच ठरवलं की टाकीखालच्या मोकळ्या जागेत दोन तास धरणं धरायचं, माईक नाही, मंडप नाही, रिकाम्या कळश्या घेऊन बसायचं. तारीख १७. मी लिहिता-वाचता म्हणून अर्ज माझ्याकडे आला. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घेतली (हे विसरू नका, शिक्का आणि तारीख असलेली पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं समजा), आणि मला गोपनीयच्या टेबलाकडे पाठवलं. मोर्चा, सभा, उपोषण असलं सगळं ठाण्यात गोपनीयवाले बघतात. हवालदार भला माणूस होता, चहा पण विचारला. अर्ज वाचून म्हणाला, "सर, सदतीस एक तीन चालू आहे, परवानगी नाही मिळणार."

या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत बघा. आता सुट्या करू.

'सदतीस एक तीन' म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७, पोटकलम १ आणि ३. एकमध्ये शस्त्र, लाठ्या, दगड बाळगणं, चिथावणीखोर घोषणा, गाणी, वाद्यं असल्या गोष्टींवर बंदी घालता येते, आणि तीनमध्ये जमाव आणि मिरवणुकीवर. आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्त काढतात, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी. लोक ज्याला अजूनही '१४४ लागली' म्हणतात ती याची भावकी, जुन्या फौजदारी संहितेतलं ते कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरी सुरक्षा संहितेत १६३ झालंय, पण बोलण्यात १४४ च राहणार, व्हीटी अजून व्हीटीच आहे तसं. फरक मुदतीचा: १४४/१६३ चा आदेश साधारण दोन महिने टिकतो, ३७(३) चा पंधरा दिवस, त्यापुढे न्यायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते.

ही जमावबंदी. तिचा स्वभाव आगीच्या बंबासारखा आहे, म्हणजे काहीतरी पेटलंय किंवा पेटणार अशी चिन्हं आहेत तेव्हा काढायची वस्तू. ती कुणा एकाच्या अर्जावर दिलेलं उत्तर नसते, सगळ्यांसाठी असते, तिला सुरुवात आणि शेवटाची तारीख असते, कारण लिहावं लागतं, आणि कोर्टात जाऊन 'दाखवा कुठे पेटलंय' असं विचारता येतं. १४४ घटनेत बसतं हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलंय, बाबुलाल पराते खटल्यात, आणि तो खटला आपल्या नागपूरचा, कापड गिरण्यांतल्या कामगारांच्या तंट्यातून आलेला. पण तेच कोर्ट २०२० च्या जानेवारीत काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात म्हणालं की १४४ चा वापर लोकांचं रास्त मत दाबायला करता येणार नाही, आणि आदेश लोकांना बघायला मिळाले पाहिजेत. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात, आपल्याकडे सोयीनुसार एक वाचतात.

आता परवानगी. हिचा आगीशी संबंध नाही, हिचं काम ट्रॅफिक हवालदाराचं. एकाच चौकात दोन पक्षांनी एकाच संध्याकाळी सभा लावल्या तर काय, ॲम्ब्युलन्सला वाट ठेवणार का, किती गाड्या येणार, स्पीकर किती वाजता बंद, असे साधे प्रश्न. घटनेच्या कलम १९ मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे, त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालता येतात, आणि पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये सभा-मिरवणुकांचे नियम करायचा अधिकार आहे. परवानगीचा फॉर्म येतो तो तिथून.

यावरचा सगळ्यात कामाचा निकाल याच कायद्यावरचा आहे, कारण कायदा मूळ मुंबई राज्याचा, म्हणजे गुजरातचाही. १९६९ साली अहमदाबादेत हिम्मतलाल शहांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी नाही म्हटलं, प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये निकाल आला. निकालाचा सार असा की सार्वजनिक रस्त्यावर सभेसाठी आधी परवानगी घ्यायला लावणं हे आपोआप चूक ठरत नाही, पण अधिकाऱ्याला वाटलं तर हो आणि वाटलं तर नाही, कशावरून ठरवायचं याचा पत्ताच नाही, असा नियम टिकणार नाही. आणि तो नियम खरंच रद्द केला. म्हणजे सरकार सभेला शिस्त लावू शकतं, रस्त्यावरून सभा ही गोष्टच पुसून टाकू शकत नाही. पन्नास वर्षांहून जास्त झाली याला, पण मी ज्या कुणाला हे सांगतो तो "असं आहे होय?" म्हणतो, वकीलसुद्धा.

(मध्येच एक तिसरी गोष्ट आहे, जागेच्या मालकाची परवानगी. मैदान महापालिकेचं असेल तर तिचा वेगळा अर्ज. २०२२ ला शिवाजी पार्कच्या दसरा मेळाव्याला शिवसेनेच्या दोन्ही गटांना नाही म्हणाली ती महापालिका, पोलिसांच्या अहवालाचं कारण देऊन, आणि हायकोर्टाने २३ सप्टेंबरला ठाकरे गटाला मैदान दिलं. स्पीकरचा अर्ज परत निराळा. या लेखात एवढंच पुरे, नाहीतर माणूस अर्ज करताकरताच म्हातारा होईल.)

मग कागदावर घोळ कुठे होतो? बऱ्याच ठिकाणी ३७(३) चा आदेश पंधरा दिवसांचा निघतो, संपला की पुढचा, तो संपला की त्याच्या पुढचा, कारण कॉलमात तेच, 'आगामी सण-उत्सव, विविध पक्ष-संघटनांची आंदोलने' वगैरे. आणि आदेशाच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाला हा आदेश लागू नाही. आता याची गंमत बघा. बंदी आहे म्हणून परवानगी लागते, परवानगी मागायला गेलं की बंदी आहे म्हणून मिळत नाही. आगीचा बंब कायमचा चौकात उभा करून ठेवलाय आणि हवालदार म्हणतोय बंबामुळे रस्ता बंद आहे.

हे मी मनाचं सांगत नाहीये. २०२० च्या जानेवारीत बीड जिल्ह्यात माजलगावला काही लोकांना नागरिकत्व कायद्याविरोधात जुन्या ईदगाह मैदानावर रोज संध्याकाळी सहा ते दहा शांतपणे बसायचं होतं. पोलिसांनी नकार दिला, आधार कशाचा तर अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७(१)(३) चा आदेश. औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारीत दोन्ही रद्द केले, नकारपण आणि तो आदेशपण. कोर्टाने म्हटलं की आदेश दिसायला सगळ्यांसाठी आहे पण खरा रोख या आंदोलन करणाऱ्यांवरच आहे, आणि एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही. मला त्या निकालात आवडतं ते हे, की कोर्टाने दोन कागद वेगळे करून दोन्ही वाचले. ठाण्यात ते एकमेकांवर पिन मारून ठेवलेले असतात.

आता दुसरी बाजू, कारण परवानगी म्हटलं की लगेच दडपशाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. २०२५ चं आझाद मैदान घ्या. आधी हायकोर्ट म्हणालं परवानगीशिवाय तिथे आंदोलन नाही, मग मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसणाऱ्या मनोज जरांगे पाटलांना पोलिसांनी २९ ऑगस्टसाठी परवानगी दिली ती एका दिवसाची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जास्तीत जास्त ५००० माणसं, मोजून पाच गाड्या. नंतर रोज एकेक दिवस वाढवत गेले. आलेली माणसं मैदानात मावणारी नव्हतीच, सीएसएमटीच्या आजूबाजूचे रस्ते भरले, १ सप्टेंबरला कोर्टाने अटी मोडल्या म्हणून सुनावलं, रस्ते मोकळे करायला सांगितलं, २ तारखेला हैदराबाद गॅझेटमधल्या जुन्या नोंदी मानण्याचा जीआर (सरकारी आदेश) निघाला आणि उपोषण सुटलं. यात बंदी कुठेही नव्हती, होत्या त्या अटी. त्या अटींवर भांडता येतं, मराठवाड्यातून माणूस निघाला तर एका दिवसात तो मुंबईला पोचून, बसून, उठून परत कसा जाणार, हा माझाही प्रश्न आहे, आणि आलेल्या माणसाला संडास-पाणी नाही हे तर लाजिरवाणंच होतं. पण वेळ, जागा, गाड्या, आकडा हे प्रश्न परवानगीचेच आहेत, ते विचारण्यात गैर काही नाही. लोकल पकडायला धावणाऱ्या नर्सचा पण तो रस्ता आहे. २०२० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या शाहीनबागेतल्या, रस्त्यावर बसलेल्या धरण्याच्या निकालात सुप्रीम कोर्ट तेच म्हणालं, रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, ठरलेल्या जागी बसा. फक्त त्याला २०१८ चा जंतरमंतरचा निकाल जोडून वाचा, हरित लवादाने तिथली आंदोलनं बंद केली होती, सुप्रीम कोर्ट म्हणालं सरसकट बंदी नाही चालणार, नियम करा. ठरलेल्या जागेची अट एवढीच असते की ती जागा ऐकू येईल अशा अंतरावर पाहिजे. गावाबाहेर डंपिंग ग्राउंडशेजारी मैदान ठरवून दिलं तर तिथे घोषणा ऐकणार कोण, कावळे?

मग परवानगी लागावी का? माझं मत, मोठ्या मोर्चाला, रस्ता अडणार असेल तर, हो, लागू दे. पण वीस कळश्यांना नाही. छोट्या, बसून करायच्या, रस्ता न अडवणाऱ्या जमावाला नुसतं कळवणं पुरे झालं पाहिजे, आणि कळवणं आणि मागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कळवलं की मी येतोय, तुम्ही बंदोबस्त बघा, हरकत असेल तर तुम्ही लिहून द्या. मागितलं की मी दारात उभा आणि तुम्ही गप्प. जर्मनीत घटनेत हक्क आहे तोच परवानगीशिवायचा, उघड्यावर सभा असेल तर जाहीर करायच्या ४८ तास आधी कळवायचं. ब्रिटनमध्ये मोर्चासाठी सहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एका जागी बसणाऱ्यांना तेवढीपण लागत नाही. तिकडेही अटी घालतात, बंदी घालतात, भांडणं होतात, पण निदान सुरुवात कुठून करायची हे तरी ठरलेलं आहे.

आपल्याकडे सगळ्यात वाईट नकार नसतोच मुळी, सगळ्यात वाईट असते शांतता. अर्जावर उत्तरच येत नाही, आणि आदल्या रात्री घरी एक नोटीस येते, जिला सगळे अजूनही '१४९ ची नोटीस' म्हणतात (नव्या संहितेत ती १६८ झाली), की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाला तर तुम्हाला जबाबदार धरलं जाईल. ती नोटीस म्हणजे नकार नव्हे, बंदी तर त्याहून नव्हे, पण घरात म्हातारी आई असेल तर ती नोटीस हातात घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस जात नाही. म्हणून तुम्ही अर्ज कराल तेव्हा तोंडी 'नाही' घेऊन परत येऊ नका. लेखी मागा. आणि जमावबंदी म्हणाले तर आदेशाचा क्रमांक आणि कधीपासून कधीपर्यंत ते मागा.

मी मागितलं. हवालदाराने तोंड वाकडं न करता फाइल काढली, आदेशाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. तारीख होती १ ते १५.

"आमचं १७ ला आहे," मी म्हटलं.

त्याने कागद परत बघितला, मग कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे, आणि अगदी मनापासून समजावल्यासारखं म्हणाला, "सर, पुढचा निघतोच की."