आधारकार्ड नाही म्हणून निर्वासितांच्या मुलांना शाळा नाही, हा समज चुकीचा

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासितांच्या मुलांना आपल्या शाळांत प्रवेशाचा हक्कच नाही, असा समज गोव्यातही रूढ आहे. पहिले विधान खरे असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. राज्यघटनेचे कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना उद्देशून आहे, केवळ नागरिकांच्या मुलांना नव्हे. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. उशिरा आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याचीही त्यात तरतूद आहे, आणि मराठी किंवा कोंकणी प्रथमच ऐकणाऱ्या मुलासाठी मला तीच सर्वांत मोलाची वाटते. या वयोगटाच्या शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आधी सरकारी शाळेकडे जावे आणि नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे सांगितले. गोव्यापुरते ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरीचे खंडपीठ. चौदा वर्षांनंतर प्रथमच प्रवेश मागणाऱ्या मुलांना मात्र या कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, आणि खरी काळजी त्यांची आहे.