कर्ज फेडताना मधेच दम का लागतो?

कर्ज फेडायचं ठरलं की पहिले दोन-तीन महिने घरात सगळेच जोशात असतात. वहीत हिशेब लिहिला जातो, वरचे खर्च कमी होतात, कोणी कुठे काय वाचवलं ते एकमेकांना सांगितलं जातं, आणि मग हळूहळू ती वही मागे पडते. हप्ता जातोय, पगार येतोय, बजेट पण तेच आहे, पण आतून कंटाळा आलेला असतो. अशा वेळी बहुतेक जण स्वतःला दोष देतात की आपल्यात चिकाटीच नाही, नाहीतर नवरा-बायको एकमेकांना दोष देतात, आणि ते तर जास्तच वाईट. पण हा मधला कंटाळा तुमच्या-आमच्या स्वभावातली खोट नाहीये, आपलं डोकं अंतर कसं मोजतं त्याच्याशी त्याचा संबंध आहे आणि त्यावर ९० वर्षांपासून अभ्यास चाललाय.

क्लार्क हल नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याने १९३२ मध्ये असं मांडलं की ध्येय जसजसं जवळ येतं तसतसा जोर वाढतो, आणि मग १९३४ मध्ये त्याने सरळ वाटेवरून उंदीर पळवून त्यांचा वेग मोजला, तर खरंच खाणं जवळ आलं की ते जास्त जोरात पळत होते. माणसांचंही तसंच. २००६ मध्ये रॅन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या दुकानातली ती शिक्के मारायची कार्डं तपासली, दहा शिक्के झाले की एक कॉफी फुकट अशी, आणि कार्ड भरत आलं तशी लोकं लवकर लवकर कॉफी प्यायला येत होती.

मग मधे काय होतं? २०११ मध्ये आंद्रेआ बोनेझी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला माणूस मागे वळून बघतो, किती पुढे आलो, आणि शेवटी शेवटी पुढे बघतो, किती राहिलं. आता समजा १०० हप्ते आहेत. पहिल्यानंतर दुसरा भरला की केलेलं काम एकदम दुप्पट झालं. शेवटचे दोन राहिलेत आणि त्यातला एक भरला की उरलेलं एकदम निम्मं झालं. पण पन्नासाव्यानंतर एक्कावन्नावा भरला तर मागे बघा नाहीतर पुढे बघा, फरक दिसतच नाही. हप्ता तेवढाच, त्यासाठी मारलेलं मन तेवढंच, पण डोक्याला तो जवळजवळ शून्य दिसतो, म्हणून उत्साह दोन्ही टोकांना जास्त आणि मधे खड्ड्यात.

त्यात लांब मुदतीच्या कर्जाचं गणित हा खड्डा अजून खोल करतं, आणि ते एकदा तरी कागदावर बघावंच असं मला मनापासून वाटतं. ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, दर महिन्याला सारखा हप्ता असं कर्ज घ्या. पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले ८३ व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त १७ ने. ५ वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर मुद्दल फिटलेलं असतं साधारण ११ टक्के. १० वर्षांनी, म्हणजे मुदत अर्धी संपल्यावर, २९ टक्के. अर्धं मुद्दल फिटायला पूर्ण १४ वर्षं जातात आणि उरलेलं अर्धं पुढच्या ६ वर्षांत संपतं. यात कोणी फसवत नाहीये, व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दलच मोठं असतं, इतकं साधं कारण आहे. पण दर महिन्याला जो माणूस फक्त शिल्लक मुद्दलाचा आकडा बघतो त्याला वर्षानुवर्षं आपण जागच्या जागी उभे आहोत असंच वाटणार, त्यात नवल काय.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे काय मोजायचं ते बदलायचं. मिंजुंग कू आणि आयलेट फिशबाख यांनी २०१२ मध्ये दाखवलं की जी बाजू लहान आहे तिच्याकडे लक्ष ठेवलं की जोर टिकतो, म्हणजे सुरुवातीला जे झालंय ते मोजा आणि अर्धं पार झालं की जे उरलंय ते मोजा. बोनेझींच्या कामाशी हे नीट जुळतं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, पहिल्याच वर्षी अजून किती डोक्यावर आहे ते मोजत बसतो. आणि मोठं अंतर असेल तर त्याचे तुकडे पाडायचे, २० वर्षांचं कर्ज हे एक ध्येय न ठेवता 'या वर्षाअखेरपर्यंत मुद्दल इतक्या आकड्याच्या खाली' असं ध्येय ठेवायचं, म्हणजे मधला भागच छोटा होतो आणि दरवर्षी एक सुरुवात आणि एक शेवट मिळतो. नुनेस आणि ड्रेझ यांचा २००६ मधलाच एक प्रयोग याच जातीचा आहे. गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली, अर्ध्यांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड, अर्ध्यांना १० शिक्क्यांचं पण २ आधीच मारलेले, म्हणजे काम दोघांना ८ शिक्क्यांचंच. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी ते पूर्ण केलं आणि दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. तेव्हा घरच्या कर्जफेडीच्या तक्त्याची सुरुवात आजपासून शून्याने करू नका, आजवर जे फेडलंय ते आधी त्यात भरा, ते खरंच तुम्ही फेडलेलं आहे.

आता एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर कोणतं आधी, हा प्रश्न. गणित एकच उत्तर देतं, ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी, बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून. पण लोकं तसं करत नाहीत. मोटी अमर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना खोटी खोटी कर्जं देऊन ती फेडायचा खेळ खेळायला लावला, तर लोकांचा कल सारखा छोटं कर्ज आधी मिटवून यादी कमी करण्याकडे, मोठ्यावर व्याज जास्त असलं तरी. त्यांच्या मते ही चूक होती. पण पुढच्याच वर्षी डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन यांनी खऱ्या कर्जदारांची माहिती तपासली, एका कर्ज-तडजोड कंपनीकडच्या, म्हणजे देणेकऱ्यांशी बोलून कमी रकमेत कर्ज मिटवून देणाऱ्या कंपनीकडच्या, जवळपास ६,००० जणांची, आणि त्यांना दिसलं की ज्यांची खाती मिटत गेली त्यांची कर्जातून पूर्ण बाहेर पडण्याची शक्यता जास्त होती, मिटवलेल्या खात्यातली रक्कम किती हे तितकं महत्त्वाचं नव्हतं. मग २०१६ मध्ये केरी केटल आणि सहकाऱ्यांनी अजून एक धागा पुढे नेला की जादाचे पैसे सगळीकडे थोडे थोडे वाटण्यापेक्षा एकाच खात्यावर लावले की लोकं जास्त जोमाने फेडतात, कारण तिथे प्रगती डोळ्यांना दिसते.

मग ऐकायचं कोणाचं? मला वाटतं आधी फरक मोजावा आणि मग ठरवावं. समजा २० हजारांचं छोटं कर्ज १४ टक्क्यांनी आहे आणि १ लाखाचं १८ टक्क्यांनी. छोटं आधी मिटवलं तर ते २० हजार चुकीच्या जागी लावल्याचा तोटा म्हणजे ४ टक्के, वर्षाला साधारण ८००. एक खातं कायमचं बंद झाल्याचं बळ मिळणार असेल तर ८०० काही फार नाहीत, खुशाल द्यावेत. पण मोठं कर्ज ३६ टक्क्यांचं क्रेडिट कार्डाचं असेल तर तोच तोटा वर्षाला ४,४०० होतो, आणि तिथे मनाचं ऐकणं महाग पडतं, तिथे कार्डच आधी, आणि उत्साहासाठी त्या कार्डाच्याच रकमेचे तुकडे पाडायचे. सगळ्यात वाया जाणारी पद्धत म्हणजे शिल्लक बघून त्या प्रमाणात सगळ्यांवर थोडं थोडं टाकणं, ज्यात ना व्याज वाचतं ना खातं मिटतं. आणि लोकं नेमकं तेच करतात, जॉन गॅदरगुड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या क्रेडिट कार्डांच्या आकडेवारीतून हे दाखवलंय.

खातं बंद होण्याचं हे जे बळ आहे ते नुसतं समाधान नाहीये, आणि या सगळ्या संशोधनातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. सिंगापूरमध्ये एका सेवाभावी संस्थेने गरीब कुटुंबांची बरेच दिवस थकलेली कर्जं फेडून दिली, जास्तीत जास्त ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत. ओंग, थेसेरा आणि इंग या संशोधकांनी अशा १९६ जणांच्या आधी आणि तीन महिन्यांनंतर चाचण्या घेतल्या आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कर्ज गेल्यावर लोकांची चिंता कमी झाली, लक्ष लागायला लागलं, पैशाचे निर्णयही बदलले. पण खरी गंमत पुढे आहे, सारख्याच रकमेची मदत मिळालेल्या दोघांमध्ये ज्याची जास्त खाती मिटली त्याला जास्त फायदा झाला. म्हणजे प्रत्येक उघडं खातं, त्याची वेगळी तारीख, वेगळा फोन, वेगळी भीती, डोक्यात आपापली जागा अडवून बसलेलं असतं. ज्या घरात चार-पाच ठिकाणची उसनवारी आहे तिथल्या माणसाला साध्या गोष्टी सुचत नाहीत, चिडचिड होते, बिलाची तारीख चुकते, आणि बाहेरचे म्हणतात की हा बेजबाबदार आहे. आधी त्याच्या डोक्यावरची गर्दी मोजा.

या गर्दीमुळेच लोकं स्टेटमेंट उघडायचं टाळतात. गुंतवणूकदारांमध्ये हे मोजलं गेलंय, कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९ मध्ये दाखवलं की बाजार पडला की लोकं आपलं खातं कमी वेळा उघडून बघतात. कर्जाच्या बाबतीत न बघणं जास्त महागात जातं कारण मग मिनिमम ड्यू, म्हणजे कार्डाच्या बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून मोकळं व्हायची सवय लागते. नील स्टुअर्टने २००९ मध्ये लोकांना क्रेडिट कार्डाची नमुन्याची बिलं दाखवून विचारलं किती भराल, तर ज्यांच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती त्यातले अर्धवट भरणारे इतरांपेक्षा बरंच कमी भरायला तयार झाले, तो छोटा आकडा बघूनच मन खाली ओढलं गेलं. आता महिन्याला ३ टक्के व्याज लागतंय आणि तुम्ही दर वेळी शिलकीच्या ५ टक्के भरताय असं धरलं तर एकही नवीन खर्च न करता ते कर्ज निम्मं व्हायला ३२ महिने लागतात. त्यामुळे किमान रकमेवर नजर जायच्या आधीच आपला स्वतःचा आकडा ठरलेला हवा, महिन्याच्या सुरुवातीलाच, आणि जमलं तर ऑटो पेमेंटला लावलेला.

एक महिना फसला तर? लग्नकार्य, आजारपण, गाडी बंद पडणं, काहीतरी येतंच, आणि धोका त्या खर्चापेक्षा त्यानंतरच्या 'आता बजेट मोडलंच आहे तर जाऊदे' या भावनेचा जास्त असतो. डाएट करणाऱ्यांमध्ये हे १९७५ पासून माहीत आहे, एकदा मिल्कशेक प्यायला लावला की ते पुढे जास्तच खातात. २०११ मध्ये कीथ विलकॉक्स आणि सहकाऱ्यांना तर असं दिसलं की ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला आहे अशी माणसंसुद्धा कार्डावर बाकी राहिली की जास्त खर्च करतात. यावर मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी २०१७ मध्ये सुचवलेला उपाय मला फार आवडतो, ध्येय कडकच ठेवा पण त्यात दोन-तीन राखीव सवलती आधीच लिहून ठेवा. रोज करायच्या एका कामासाठी त्यांनी कोणाला आठवड्याचे ७ दिवस सांगितले, कोणाला ५, आणि कोणाला ७ पण त्यात २ दिवस अडचणीसाठी माफ, तर हे तिसरे लोक सगळ्यात जास्त टिकले. घरच्या बजेटमध्ये याचा अर्थ असा की वर्षात जादा रक्कम भरायचे बारा महिने धरा आणि त्यातले दोन माफीचे म्हणून आधीच ठरवा, फक्त ठरलेला हप्ता या माफीत येत नाही, तो जायलाच हवा. हे दोन महिने हातात असले की लोकं ते उगाच उडवत नाहीत, खऱ्या अडचणीसाठी जपून ठेवतात.

घरातल्या माणसांचं काय, हा भाग पुस्तकी सल्ल्यात नेहमी राहून जातो. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांनी २०११ मध्ये दाखवलं की पैसे खर्चताना ज्याचा जीव कासावीस होतो आणि ज्याचा हात सैल असतो अशी माणसं बरेचदा एकमेकांशीच लग्न करतात, आणि दोघांमधला हा फरक जितका जास्त तितकी पैशावरून भांडणं जास्त. कर्ज फेडताना हात आखडता असणारा आपोआप हिशेबनीस होतो आणि दुसरा गुन्हेगार, आणि तक्ता एकाच्याच मोबाईलमध्ये राहिला तर हे अजून वाढतं. तक्ता भिंतीवर किंवा दोघांना दिसेल अशा जागी हवा आणि कोणता आकडा कोणत्या महिन्यात गाठायचा हे दोघांनी मिळून ठरवलेलं हवं. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी २०११ मध्ये भारतातल्या ग्रामीण मजुरांबरोबर एक प्रयोग केला होता, बचतीचे पैसे बंद पाकिटात वेगळे ठेवून दिले आणि काहींच्या पाकिटावर त्यांच्याच मुलांचे फोटो लावले. फोटोवाल्यांची बचत जास्त झाली, पाकीट फोडताना हात थांबत होता. कर्जाच्या जादा रकमेचं खातं वेगळं ठेवून त्याला 'बचत २' असं नाव देण्यापेक्षा ते कोणासाठी चाललंय त्याचं नाव द्या, बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये तेवढी सोय असते.

एक कर्ज फिटलं की त्या महिन्यात सगळ्यात जास्त सावध राहायला हवं, कारण आता तो हप्ता हातात उरणार असतो, आणि हातात उरलेल्या पैशाची सवय माणसाला फार पटकन लागते. त्यामुळे शेवटचा हप्ता जायच्या आधीच, म्हणजे तो पैसा अजून 'आपला' वाटायला लागायच्या आधीच, तीच रक्कम त्याच तारखेला पुढच्या कर्जावर जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. आणि त्यातला पहिल्या एका महिन्याचा हप्ता घरच्यांनी मिळून कशावर खर्च करायचा ते आधी ठरवून खर्च करा.