फाइलनावांचे रूपांतर (शेल स्क्रिप्टने)

एका प्रणालीच्या शिरस्त्याने दिलेली फाइलनावे दुसऱ्या प्रणालीत चालतील अशी एकगठ्ठा बदलणे, याला फाइलनावांचे रूपांतर म्हणतात. ते शेल स्क्रिप्टने करतात, म्हणजे आज्ञा पाळणाऱ्या ‘शेल’ या प्रोग्रामला फाइलीत लिहून दिलेल्या आज्ञांनी. आतल्या मजकुराला धक्का लागत नाही, बदलते ती फक्त पाटी. कोकण किनारपट्टीवर मोबाइल, कॅमेरा, विंडोजचा संगणक आणि लिनक्सचा साठा जिथे एकत्र येतात तिथे हे काम हमखास निघते. सातबारा-फेरफारांच्या स्कॅन प्रती किंवा उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पांची छायाचित्रे ही नेहमीची उदाहरणे.

लिनक्समध्ये नावात दोनच गोष्टी वर्ज्य आहेत: तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट (नावाचा शेवट दाखवणारी अदृश्य खूण). विंडोजला याखेरीज उलटी तिरकी रेघ, कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि < > ही चिन्हेही चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको. त्यामुळे ‘10:30’ अशी वेळ असलेले नाव लिनक्सवर सुखाने नांदते, पण विंडोजवर उतरत नाही. ‘7/12’ तर शेललाही चालत नाही. ते ‘7’ नावाचा फोल्डर शोधू लागते. ‘7-12’ लिहिले की पुढे कोणीतरी ती तारीख समजतो, म्हणून सरळ ‘सातबारा’ लिहावे आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी.

लांबीची मर्यादा दोन्हीकडे 255 असली तरी मापे वेगळी आहेत. विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत एनटीएफएस 16 बिटांची एकके मोजते, लिनक्सची ईएक्सटी4 बाइट (8 बिटांची एकके) मोजते. अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट घेते. ‘देवाचे गोठणे’ एवढ्यालाच 34 बाइट लागतात, आणि निव्वळ देवनागरी नाव 85 चिन्हांत संपते.

मराठीची खास अडचण म्हणजे ‘ऱ’. ‘किनाऱ्यालगत’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: अखंड ऱ, र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब), आणि र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या ठरीव जोडरूपात आणल्या की एक होतात (‘यूकॉन्व्ह’, uconv, ही आज्ञा हे काम करते). तिसरी तशी जुळत नाही. तिच्यासाठी ‘सेड’मध्ये (sed, मजकूर शोधून बदलणारी आज्ञा) वेगळा नियम लिहावा लागतो. देवनागरी अंक बदलण्यासाठी ‘टीआर’ (tr, एका चिन्हाजागी दुसरे घालणारी आज्ञा) वापरू नये. लिनक्सवरचे ‘टीआर’ बाइट मोजून बदल करते आणि नावाचा चुथडा होतो. ‘सेड’ची ‘वाय’ आज्ञा वापरावी, तीही लोकेल (प्रणालीची भाषा-लिपीची मांडणी) यूटीएफ-8 असतानाच.

स्क्रिप्टने थेट नावे बदलू नयेत. आधी जुने नाव, टॅब, नवे नाव अशी यादी फाइलीत काढावी. नावे रोमन लिपीत करायची असतील तर गावांच्या स्पेलिंगसाठी हाताने केलेला तक्ताच बरा. यंत्राने केलेले लिप्यंतर एकाच गावाला दोन स्पेलिंगे देऊन मोकळे होते. मग यादीचा दुसरा स्तंभ ‘सॉर्ट’ (sort, क्रम लावणारी) आणि ‘युनिक -डी’ (uniq -d, दुबार ओळी दाखवणारी) या आज्ञांमधून काढून दुबार नावे पाहावीत. ही पायरी गाळली तर फाइली जातात, कारण नाव बदलणारी ‘एमव्ही’ (mv) ही आज्ञा त्याच नावाची आधीची फाइल न विचारता पुसून टाकते. कॅमेऱ्याचा क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो, म्हणून दोन हंगामांचे फोटो एका फोल्डरात टाकताना अशी टक्कर होतेच. विस्तारात (नावातल्या टिंबानंतरच्या भागात) कॅपिटल-स्मॉल एवढाच फरक असेल तर लिनक्स दोन फाइली मानते, विंडोज सहसा एकच; तिथे मधले तात्पुरते नाव घ्यावे.

यादी स्वच्छ निघाल्यावर ‘एमव्ही -एन --’ चालवावे. ‘-एन’ मुळे त्याच नावाची आधीची फाइल पुसली जात नाही, आणि ‘--’ मुळे वजाचिन्हाने सुरू होणारे नाव पर्याय समजले जात नाही. स्क्रिप्टमध्ये नाव धरणाऱ्या प्रत्येक चलाभोवती दुहेरी अवतरण हवेच, नाहीतर ‘देवाचे गोठणे’ दोन तुकड्यांत फुटते. फोल्डरांची नावे बदलताना ‘फाइंड -डेप्थ’ (find -depth, फाइली शोधणारी आज्ञा) वापरून आतून बाहेर यावे. आधी बाहेरचा फोल्डर बदलला तर आतले मार्ग खोटे ठरतात. क्रमांकाला शून्ये जोडताना बॅश (लिनक्सवरचे नेहमीचे शेल) 08 आणि 09 वर अडते, कारण शून्याने सुरू होणारा आकडा ते अष्टमान पद्धतीचा धरते. 10#08 असे लिहिले की सुटते.

पावसाळ्यात वीज मध्येच जाते हे गृहीत धरावे. जुने नाव नाही आणि नवे आहे, तर ती ओळ झालेली समजून पुढे जाणारी स्क्रिप्ट पुन्हा बिनधास्त चालवता येते. यादी जपून ठेवावी: स्तंभ उलटे वाचून नावे पूर्ववत करता येतात, आणि नोंदवहीच्या तक्त्यात जुन्या नावाने दिलेले फोटोंचे संदर्भही तिच्यावरूनच दुरुस्त करावे लागतात.