५३ होमरन, ५४ भोपळे: ख्रिस डेव्हिसवर बाल्टिमोर का चिडलं?

८ एप्रिल २०१९, सोमवार. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्सवर ओकलंडविरुद्धच्या बेसबॉल सामन्याला ६,५८५ प्रेक्षकांची नोंद झाली. तेव्हा जवळपास ४६ हजार माणसं मावत असं हे मैदान. प्रेक्षकांना प्रवेश असलेल्या सामन्यांत तोवर इथे इतकी कमी गर्दी कधीच झाली नव्हती. त्या दिवशी बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचा फलंदाज ख्रिस डेव्हिस पाच वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि पाचही वेळा हिटविना, म्हणजे फटका मारून बेस न गाठता, परतला. मागच्या मोसमातल्या खेपा धरून अशा हिटविना खेपा सलग ४९ झाल्या. पिचर (चेंडू टाकणारे) वगळता इतर खेळाडूंत यूजेनियो व्हेलेझचा सलग ४६ खेपांचा नकोसा विक्रम होता, तो त्याच दिवशी डेव्हिसच्या नावावर गेला.

चारच दिवस आधी, मोसमातल्या घरच्या पहिल्या सामन्यात, न्यूयॉर्क यांकीजसमोर तो तीनदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) झाला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या खेपेला मॅनेजर ब्रँडन हाइडने त्याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ही घसरण किती भयंकर आहे ते चटकन कळत नाही. क्रिकेटमध्ये भोपळा फोडता आला नाही की फलंदाज तंबूत जातो, पुढच्या डावापर्यंत त्याला तोंड लपवता येतं. बेसबॉलमध्ये मोसमाचे १६२ सामने आणि प्रत्येक सामन्यात चार-पाच खेपा. आज चुकलं तर उद्या संध्याकाळी त्याच माणसांसमोर पुन्हा उभं राहायचं. दर दहा खेपांत तीन हिट काढणारा फलंदाज चांगला, म्हणजे ०.३०० ची सरासरी. ०.२०० च्या खाली गेलात की नोकरी धोक्यात. २०१८ मध्ये डेव्हिसने ४७० खेपांत ७९ हिट काढले, सरासरी ०.१६८. पुरेशा खेपा खेळलेल्या फलंदाजांत मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या इतिहासातली ही सर्वांत खालची सरासरी. त्या वर्षी संघ ४७ सामने जिंकला आणि ११५ हरला.

आणि हाच माणूस पाच वर्षांपूर्वी या शहराचा लाडका होता.

डेव्हिस मूळचा टेक्ससचा. जुलै २०११ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला आणि पिचर टॉमी हंटरला देऊन बाल्टिमोरकडून कोजी उएहाराला घेतलं. ओरिओल्सने तेव्हा १९९८ पासून एकही मोसम हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकून संपवला नव्हता. चौदा वर्षं! एक अख्खी पिढी हरण्याची सवय लावून घेत मोठी झाली होती. मग ६ मे २०१२ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर १७ इनिंगचा, म्हणजे नेहमीच्या नऊंपेक्षा खूप लांबलेला सामना झाला. डेव्हिस त्या दिवशी आठ खेपांत शून्य हिट, पाच स्ट्राइकआउट. पण संघाचे पिचर संपले, तेव्हा मॅनेजर बक शोवॉल्टरने शेवटच्या दोन इनिंगसाठी चेंडू याच फलंदाजाच्या हातात दिला. त्याने एकही रन दिली नाही, संघातल्या ॲडम जोन्सने होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारली आणि विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती डेव्हिसची. आठ खेपा वाया घालवलेल्या माणसावर शहर त्या दिवशी फिदा झालं. पुढच्या साऱ्या कटुतेकडे बघताना मला हा सामना विसरता येत नाही, कारण अपयश तेव्हाही तितकंच होतं.

२०१३ मध्ये त्याने ५३ होमरन मारल्या. ब्रॅडी अँडरसनचा ५० चा ओरिओल्सचा विक्रम मोडला. त्याच्या बॅटवर संघाला १३८ रन्स मिळाल्या. पण त्याच वर्षी तो १९९ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, ही गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली. ताकदीच्या फलंदाजाशी प्रेक्षकांचा हा जुना अलिखित करार असतो: तू हवेत बॅट फिरव, चुकलास तर चालेल, पण अधूनमधून चेंडू मैदानाबाहेर घाल. ज्याच्यापासून हा करार सुरू झाला तो दिग्गज फलंदाज बेब रूथ याच बाल्टिमोरचा. त्याच्या वडिलांचा गुत्ता जिथे होता, ती जागा आज कॅम्डेन यार्ड्सच्या आवारात आहे. रूथच्या ७१४ होमरन सगळ्यांना पाठ असतात. १,३३० स्ट्राइकआउट फारसे कुणी सांगत नाही.

२०१४ मध्ये पहिला तडा गेला. सरासरी ०.१९६ वर आली आणि सप्टेंबरमध्ये ॲम्फेटामीन या उत्तेजकासाठी २५ सामन्यांची बंदी आली. ते उत्तेजक असलेलं औषध ॲडरॉल होतं, त्या वर्षासाठीची वैद्यकीय परवानगी त्याच्याकडे नव्हती. संघ १९९७ नंतर प्रथमच विभागात पहिला आला होता, आणि कॅन्सस सिटीविरुद्धच्या उपांत्य मालिकेत ४-० असा धुतला जात असताना डेव्हिस मैदानात नव्हता. २०१५ मध्ये ४७ होमरन मारून त्याने ते विसरायला लावलं.

जानेवारी २०१६ मध्ये ओरिओल्सने त्याच्याशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा. त्याआधीच्याच हिवाळ्यात ४० होमरन मारणाऱ्या नेल्सन क्रूझला आणि नऊ वर्षं संघात असलेल्या निक मार्केकिसला जाऊ दिलं होतं, दोघांचेही करार याच्या निम्म्याहून कमी रकमेचे. चाहत्यांच्या मनातली अढी इथे बसली. डेव्हिस पैसे मागायला बंदूक घेऊन गेला नव्हता, देणाऱ्याने दिले. पण देणारा मैदानात उभा राहत नाही.

पैसा आणि प्रेक्षकांचा राग यांचं हे नातं फार जुनं नाही. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत) ब्रुकलिन डॉजर्सचा गिल हॉजेस २१ खेपांत शून्य हिटवर राहिला. त्या मोसमात ३२ होमरन मारणारा हा गडी, आणि संघ सातव्या सामन्यात हरला. १९५३ च्या वसंतातही हॉजेसची बॅट मुकीच होती. पण ब्रुकलिनने त्याची हुर्यो उडवली नाही. लोकांनी पत्रं पाठवली, जपमाळा पाठवल्या. एका रविवारी उकाडा फार होता म्हणून फादर हर्बर्ट रेडमंड यांनी प्रवचनच दिलं नाही. घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढंच सांगितलं. हॉजेसने तो मोसम ०.३०२ सरासरीने संपवला.

हॉजेस ब्रुकलिनमध्येच राहायचा, बायको तिथलीच. हे प्रेमाचं एक कारण. दुसरं कारण कमी रम्य आहे: तेव्हा खेळाडू नियमाने मालकाला बांधलेला असे. करार बहुधा एका वर्षाचा, खेळ घसरला की पुढच्या वर्षी पगार कापला जाई. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने ती साखळी तुटली, आणि तुटायलाच हवी होती. त्यातून लांब मुदतीचे, हमीचे करार आले. खेळाडू आजारी पडो, घसरो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते. मग प्रेक्षकही मनातल्या मनात भागाकार करू लागला. डेव्हिसचे वर्षाला सरासरी २ कोटी ३० लाख डॉलर. २०१८ च्या ७९ हिटना भागा, एका हिटला सुमारे २ लाख ९१ हजार डॉलर पडतात. हा आकडा डोक्यात घेऊन तिकीट काढलेल्या माणसाच्या तोंडून प्रार्थना निघणं अवघड.

खेळही त्याच्या विरोधात बदलला होता. डेव्हिस डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा. प्रतिस्पर्धी आतल्या चारपैकी तीन क्षेत्ररक्षक उजवीकडेच उभे करत. पूर्वी हिट ठरणारे फटके थेट हातात जाऊ लागले. (या रचनेवर लीगने २०२३ पासून निर्बंध घातले, त्याच्यासाठी फार उशिरा.) त्यात जुलै २०१८ मध्ये मॅनी मचाडो दुसऱ्या संघाला दिला गेला, मोसम संपल्यावर ॲडम जोन्सही गेला. चांगल्या दिवसांतली ओळखीची माणसं एकेक करून गेली आणि मोठ्या पगाराचा डेव्हिस एकटा उरला. माझं स्पष्ट मत आहे की २०१९ ची हुर्यो त्या एकट्याची नव्हती. संघ मोडणाऱ्यांवरचा राग समोर दिसणाऱ्या एकाच पाठीवर पडत होता.

१३ एप्रिल २०१९ ला संघ फेनवे पार्कवर होता, जिथे सात वर्षांपूर्वी तो आठ शून्यांनंतर हिरो झाला होता. त्या दौऱ्यात एका नऊ वर्षांच्या मुलाने त्याला धीर देणारं पत्र दिलं होतं. मुलगा बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा चाहता, म्हणजे शत्रुपक्षातला. आता शून्य ५४ खेपांवर पोचलं होतं. पहिल्याच इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, समोर बॉस्टनचा पिचर रिक पोर्सेलो. डेव्हिसचा फटका उजव्या मैदानात पडला, दोन रन आल्या. पहिल्या बेसवर उभं राहून तो हसला आणि तो चेंडू त्याने जपून ठेवायला मागून घेतला. त्या दिवशी त्याने तीन हिट काढले, ओरिओल्स ९-५ जिंकले.

बॅट मात्र पूर्वीसारखी बोलली नाही. २०१९ ची सरासरी ०.१७९, २०२० मध्ये १६ सामने आणि एकही होमरन नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने बाल्टिमोरमधल्या मुलांच्या रुग्णालयाला ३० लाख डॉलर दिले. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२१ चा मोसम बुडाला, आणि १२ ऑगस्ट २०२१ ला, करार संपायला वर्षभराहून अधिक काळ उरला असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. करारातले ४ कोटी २० लाख डॉलर नंतर द्यायचे ठरले होते: २०३२ पर्यंत वर्षाला ३५ लाख, मग १४ लाख. शेवटचा हप्ता २०३७ चा आहे.