केस हरली म्हणजे कंपनी सुटली? दोन गोष्टी वेगळ्या आहेत राजेहो

पोरांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की कोणीतरी हा डायलॉग मारतंच, "अमेरिकेत त्या पोरींनी, इथलं खाऊन जाड झालो म्हणून मॅकडोनाल्ड्सवर केस केली होती ना, कोर्टाने हाकलून दिलं, मग कंपनीचा काय संबंध?" नागपूरच्या सदरमधल्या चहाटपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत हेच चालून राहिलं आहे. अरे बाप्पा, नुकसानभरपाईची केस वेगळी आणि कंपनीवर घातलेला नियम वेगळा.

आईबापाची जबाबदारी सगळ्यांना पाठ आहे. डबा तुम्ही भरता, पैसे तुम्ही देता, मान्य, पुढे चला.

आता ती केस. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या दोन मुलींच्या वतीने झाली, 2003 मध्ये जजने फेटाळली, 2005 मध्ये अपील कोर्टाने फसव्या जाहिरातींचा मुद्दा परत जिवंत केला (हे मात्र कोणी सांगत नाही), आणि 2010 मध्ये सगळ्या पोरांची मिळून एकच केस चालवायला कोर्टाने नकार दिला. काहून? तर प्रत्येकाचं वजन कशाने वाढलं हे वेगवेगळं तपासावं लागतं, घरी काय खाते, खेळते का, घराण्यातच जाडी आहे का. भरपाई हवी तर याच पोरीचं नुकसान याच बर्गरने झालं हे दाखवावं लागतं आणि गाडी तिथेच अडकते. कंपनीने पोरांना काहीही, कसंही विकावं असं काही कोर्ट म्हणालेलं नाही.

नियमाला हा पुरावा लागतच नाही. शाळेसमोर स्पीडब्रेकर टाकताना कोणत्या गाडीने कोणाला उडवलं हे कोणी विचारतं का? तसंच. आपल्या एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, 2020 चे नियम बघा, जास्त फॅट, साखर, मीठ असलेलं खाणं शाळेच्या आवारात विकायचं नाही आणि गेटपासून 50 मीटरच्या आत त्याची जाहिरातही करायची नाही. तुमचा बंटी जाड की बारीक, हा प्रश्नच नाही, विकणारा काय करतो एवढंच बघायचं. सॅन फ्रान्सिस्कोने तर 600 कॅलरीच्या वरच्या मीलसोबत फुकट खेळणं द्यायलाच बंदी केली, 2011 च्या डिसेंबरपासून. मग मॅकडोनाल्ड्सने काय केलं, खेळणं 10 सेंटला वेगळं विकलं! हुशार आहेत.

मॉलमधल्या काउंटरवर जरा उभे राहा. पोराचा डोळा खेळण्यावर, आणि समोरून प्रश्न येतो, "थोडे पैसे जास्त द्या, ड्रिंक लार्ज करून देऊ?" 250 मिलिलिटर कोलातच साधारण 26 ग्रॅम साखर असते, लार्जचं तर विचारूच नका. आईबापाला नाही म्हणता आलं पाहिजे, हो, पण ते खेळणं आणि तो प्रश्न तिथे ठेवला कोणी?

"मग समोसेवाल्यालाही धरा" म्हणणारे वेगळेच. 2025 च्या जुलैमध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखी वॉर्निंग येणार म्हणून नागपुरातूनच बोंब उठली, सरकारला खुलासा करावा लागला की असं काही नाही, ऑफिसात तेल-साखरेचे बोर्ड लावायचा सल्ला होता फक्त. आपला तर्री-पोहेवाला कार्टूनच्या मधे जाहिरात देत नाही हो.

माझं मत विचाराल तर पहिले मीलसोबतचं ते खेळणं बंद करा, लेबल-बिबल नंतर. आणि पुढच्या पालकसभेत एवढं विचारा की स्पोर्ट्स डेला गेटवर कोल्ड्रिंकचं बॅनर कोणाच्या परवानगीने लागलं.