वर्गणीदार वाचकाची ओहोटी

मोठी माणसं पुस्तकं वाचेनाशी झाली, ही तक्रार हल्ली मोबाइलपासून सुरू होते आणि मोबाइलपाशीच थांबते. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ओहोटी त्याच्या बरीच आधी लागली होती. ती समजून घ्यायची तर जुना मराठी वाचक पुस्तक मिळवत कसा होता, ते आधी पाहायला हवं. विकत घेणारे थोडेच होते. बाकीचे वर्गणी भरायचे, अनामत ठेवायचे आणि आठवड्यातून एकदोनदा पुस्तक बदलून आणायचे.

ही रीत जुनी. रत्नागिरीत 1828 साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. पुढे नाशिकला 1840 साली, पुण्यात 1848 साली आणि कोल्हापुरात 1850 साली वाचनालयं उभी राहिली. त्यांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे. येणारे लोकही सरकारी नोकर, वकील, मास्तर असे मोजकेच. मराठी ग्रंथांचाच संग्रह करायचा या हट्टाने संस्था निघायला शतकाची अखेर उजाडली. ठाण्यात 1893 साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं आणि 1898 साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. दोन्हींमागे सरकार नव्हतं. देणगीदार, वर्गणीदार आणि फुकट राबणारे कार्यकर्ते यांच्या जिवावर त्या चालल्या.

मराठी माणसाच्या राज्यात दुसरी वाटही चोखाळली गेली होती, पण ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेली अक्षरं लोक विसरू नयेत म्हणून त्यांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि खेड्यांत पाठवल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या असं जाळं विणलं गेलं. वाचन ही सरकारने पुरवायची सोय आहे, हा विचार त्यात होता.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला 1967 साली. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला होता. कर्नाटकानेही 1965 च्या कायद्यात कराची तरतूद केली. महाराष्ट्राने कर टाळला. ग्रंथालय स्थानिक मंडळाने चालवावं आणि सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग पाहून अनुदान द्यावं, असं ठरलं. ग्रंथालय निधीत सरकारने वर्षाला किमान 25 लाख रुपये घालावेत, एवढी हमी कायद्यात आहे. 1967 साली ही रक्कम बरी वाटली असेल! या व्यवस्थेतून राज्यात बारा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालयं झाली हे खरं, पण हक्काच्या उत्पन्नाचा झरा त्यांना कधी मिळाला नाही.

तरी पुढची काही वर्षं गाडी जोरात चालली, कारण ग्रंथालयांच्या जोडीला नियतकालिकं होती. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत. ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंक काढला आणि नवा सणच लावून दिला. किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघत. शहरांतल्या गल्लीबोळांत सर्क्युलेटिंग लायब्ऱ्या होत्या. त्यांचा माणूस मासिकांची आणि कादंबऱ्यांची पिशवी घेऊन घरी येई. दिवाळीनंतर एकरकमी पैसे भरले की दोनतीन महिने अंकांमागून अंक बदलून मिळत. चाळीत एका घरी आलेला अंक चार बिऱ्हाडं फिरून परत जाई. नोकरीवरून आलेला कारकून, गिरणीतला कामगार, दुपारी भांडी घासून झाल्यावर टेकलेली गृहिणी असे सगळे या साखळीत होते. त्यातही कादंबऱ्यांना खरा आधार बायकांचा होता, असं माझं मत आहे. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना एखादं वाक्यही क्वचितच मिळतं.

इथे एक हिशोब मांडून पाहावा. 1961 साली महाराष्ट्राची लोकसंख्या चार कोटींच्या आत होती आणि साक्षरता 35 टक्के. 2011 साली लोकसंख्या 11 कोटी 24 लाख झाली आणि साक्षरता 82 टक्के. वाचू शकणारे इतके वाढूनही मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींचीच राहिली. तीतला मोठा वाटा ग्रंथालयांनीच उचलायचा. प्रकाशकांचं लक्ष ग्रंथालयांसाठीच्या शासनमान्य पुस्तकांच्या यादीकडे आणि अनुदानाच्या हप्त्याकडे लागलेलं. वाचक पुस्तकाच्या दुकानात क्वचितच जाई, म्हणून ग्रंथालय आणि मासिक हे दोन खांब डळमळले की वाचनही डळमळणार, हे ठरलेलंच होतं.

ते डळमळले आठव्या-नवव्या दशकात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, पण घरोघरी संच पोचायला आणि रंगीत चित्र दिसायला 1982 नंतरचा काळ यावा लागला. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ मासिक बंद पडलं. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं आयुष्य उलटंपालटं झालं. गिरणगावातली वस्ती पांगत गेली, तशी तिथल्या वाचनालयांची गिऱ्हाइकंही पांगली. मध्यमवर्ग डोंबिवली-विरारकडे सरकला. रोजचे तीन तास लोकलमध्ये जाऊ लागल्यावर संध्याकाळी पुस्तक बदलायला जाणार कधी?

नव्वदनंतर केबल आली आणि 1999 साली अल्फा मराठी ही मालिकांची वाहिनी. या घटनेला मी मोबाइलपेक्षा जास्त वजन देतो. ‘पुढे काय होणार’ ही ओढ शंभर वर्षं क्रमशः कादंबरीने भागवली होती. ती आता रोज रात्री ठरलेल्या वेळी दिवाणखान्यात फुकट भागू लागली. मासिकांची पिशवी आणणारा माणूस यायचा थांबला. मुलं इंग्रजी माध्यमात गेली, हे कारण नेहमी सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण त्याचा परिणाम एक पिढी उशिरा दिसला. 2016 नंतरच्या स्वस्त डेटाने उरलीसुरली फुरसत नेली.

ग्रंथालयांचंही सगळं निर्मळ नव्हतं. 2012 साली सरकारने राज्यभर तपासणी केली, तेव्हा कित्येक ठिकाणी पुस्तकं आणि वाचक कागदावरच निघाले. त्यानंतर नव्या ग्रंथालयांची मान्यताच थांबली. प्रामाणिकपणे चालणारीही त्यात भरडली गेली. ड वर्गाला वर्षाला मिळायचे 30 हजार रुपये. त्यात ग्रंथपालाचा पगार, वीजबिल आणि नवी पुस्तकं बसवायची. अनुदानात 60 टक्के वाढ झाली ती 2022 साली, म्हणजे टाळेबंदीनंतर. तोवर कित्येक वर्गणीदारांनी अनामत परत नेली होती.

याच काळात 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन ठरला, 2017 साली पाचगणीजवळच्या भिलारमध्ये पुस्तकांचं गाव झालं, त्याच वर्षी मराठी पुस्तकं कानाने ऐकायची सोयही आली. 2023 च्या डिसेंबरात पुण्यात पुस्तक महोत्सव सुरू झाला आणि त्याला गर्दी लोटली. विक्रीचे आकडे उत्साहाचे असतात, पण वर्षातून एकदा पुस्तकं विकत नेणारा आणि आठवड्याला बदलून नेणारा हे वेगवेगळे वाचक आहेत.

आज तालुक्याच्या ग्रंथालयात गेलात तर खुर्च्या भरलेल्या दिसतील. ती अभ्यासिका असते. एमपीएससीची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, गाइडं आणि पाण्याची बाटली घरून आणतात, महिन्याची फी वेळेवर भरतात. देवघेवीच्या टेबलाशी येतात ते बहुतेक सेवानिवृत्त. अनेक संस्थांचा वीजबिलाचा खर्च आता अभ्यासिकेच्या फीमधून निघतो आणि म्हणूनच कथा-कादंबऱ्यांची कपाटं हलवून तिथे आणखी टेबलं टाकायची का, हा विषय कार्यकारिणीच्या सभेत येऊ लागला आहे.