स्वतःच्या कंपनीचे शेअर घेण्या-विकण्याआधी: प्री-क्लिअरन्सचा अर्ज, कागदपत्रे आणि नेमके कुठे चुकते (बडोद्यातील नोकरदारांसाठी)

बडोद्यात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या बऱ्याच आहेत: खते, रसायने, औषधे, ट्रान्सफॉर्मर. शिवाय १९०८ साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेली बँक ऑफ बडोदा आहेच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या अनेक मराठी घरांतून कुणी ना कुणी अशा कंपनीत लेखा, खरेदी, आयटी किंवा सचिव विभागात असते. आपल्याच कंपनीचे शेअर घेणे हा गुन्हा नाही. पण कंपनीची न जाहीर झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती हाताशी असताना ते घेणे-विकणे म्हणजे इनसायडर ट्रेडिंग. या माहितीला कायद्यात ‘यूपीएसआय’ म्हणतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे सध्याचे नियम २०१५ चे आहेत आणि पूर्वपरवानगीचा, म्हणजे प्री-क्लिअरन्सचा, हा अर्ज त्यांतूनच आला आहे.

अर्ज कुणी करायचा

कंपनीच्या ‘डेझिग्नेटेड पर्सन’ यादीत ज्यांचे नाव आहे, त्यांनी. यादी संचालक मंडळ ठरवते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापासून खाली दोन पातळ्यांपर्यंतचे कर्मचारी तिच्यात येतातच. यूपीएसआयपर्यंत पोच असलेले आयटीचे आणि सचिवालयाचे कर्मचारीही येतात, मग हुद्दा कितीही लहान असो. आपले नाव आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका, कंपनी सेक्रेटरीकडे लेखी विचारा. नाव नसले तरी मोकळीक मिळत नाही. यूपीएसआय ज्याच्या हाती आली तो इनसायडर, मग तो ऑडिटरकडे शिकणारा मुलगा असो की ताळेबंद छापणारा कामगार.

घरच्यांचे काय? पती किंवा पत्नी, आणि दोघांचेही आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी जे तुमच्यावर पैशाने अवलंबून आहेत किंवा शेअरचे निर्णय तुम्हाला विचारून घेतात, ते ‘जवळचे नातेवाईक’. त्यांच्या व्यवहारालाही हाच अर्ज लागतो. वडिलांचे डिमॅट त्यांच्या नावावर, पण ॲप मुलाच्या फोनमध्ये, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे ‘बाबांनी घेतले’ हे उत्तर टिकत नाही. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ‘संबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत वहिनी, मेहुणा, जावई, सून आणि एका घरात राहणारेही आले आहेत.

कधी करायचा

‘ट्रेडिंग विंडो’, म्हणजे आपल्या कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहाराची मुभा असलेला काळ, उघडी असतानाच. तिमाही संपली की विंडो बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांनी उघडते. निकाल तिमाहीनंतर ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे १ एप्रिलला बंद झालेली विंडो मे अखेरपर्यंतही बंद राहू शकते आणि पुन्हा १ जुलैला मिटते. इथे तास मोजायचे असतात, दिवस नव्हेत. निकाल शनिवारी संध्याकाळी पाचला आला तर ४८ तास सोमवारी संध्याकाळी पाचला भरतात. बाजार साडेतीनलाच बंद झालेला असतो, म्हणून पहिला व्यवहार मंगळवारी. मोठा करार, विलीनीकरण अशा कारणांनी मधेच विंडो बंद होऊ शकते, तेव्हा ऑर्डर टाकण्याच्या सकाळी मेल पाहून घ्या.

किती रकमेच्या वर परवानगी लागते, हे प्रत्येक कंपनीच्या आचारसंहितेत वेगळे असते. ती कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते. शेजारच्या कंपनीतल्या मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

काय जोडायचे

कंपनीच्या नमुन्यातला अर्ज, पॅन, डिमॅट खात्याचा क्रमांक, आज हातात किती शेअर आहेत त्याचे होल्डिंग स्टेटमेंट, किती घ्यायचे किंवा विकायचे तो आकडा, आणि हमीपत्र. अर्जातल्या ‘डीपी आयडी’ या रकान्यात गफलत होते, कारण ऑफिसात ‘डीपी’ म्हणजे डेझिग्नेटेड पर्सन, पण इथे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे ज्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे तुमचे डिमॅट खाते आहे तो. एनएसडीएल आणि सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या दोन डिपॉझिटरी. एनएसडीएलचे खाते असेल तर आयएन ही दोन अक्षरे आणि पुढचे सहा अंक हा डीपी आयडी, त्यानंतरचे आठ अंक क्लायंट आयडी. सीडीएसएलचा क्रमांक सरळ सोळा अंकी असतो. एक अंक चुकला की परवानगी एका खात्याची आणि व्यवहार दुसऱ्याच खात्यात, असे होऊन बसते.

या सगळ्यात खरा जीव आहे तो हमीपत्रात. ‘माझ्याकडे यूपीएसआय नाही’ असे तुम्ही सहीनिशी सांगता. कंपनीच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याने परवानगी दिली म्हणून हे विधान खरे होत नाही. उद्या ते खोटे निघाले तर मंजुरीचा मेल ढाल म्हणून चालत नाही, उलट खोट्या हमीचा पुरावा ठरतो. अर्ज दिल्यानंतर आणि ऑर्डर टाकण्याआधी एखाद्या बैठकीत अशी माहिती कानावर आली तर थांबा आणि अधिकाऱ्याला कळवा.

मंजुरीनंतर

मंजुरी जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवस चालते. काही कंपन्या त्याहून कमी देतात. कारखान्याची सुट्टी यात धरायची नाही, शेअर बाजाराच्या सुट्ट्यांची यादी धरायची. मुदत गेली की नवा अर्ज. व्यवहार झाला की कंपनीच्या मुदतीत कळवायचे, काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची नोंद) हाताशी ठेवायची. व्यवहार केला नाही, तरी ‘केला नाही’ हेही कळवायचे. ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात.

एका तिमाहीत व्यवहारांची किंमत १० लाखांच्या वर गेली तर नियमाप्रमाणे दोन ट्रेडिंग दिवसांत ‘फॉर्म सी’ या ठरलेल्या नमुन्यात कंपनीला माहिती जावी लागते. आता पॅनवरून डिपॉझिटरीकडून बरीच नोंद आपोआप होते, पण तुमचा पॅन कंपनीने बरोबर कळवला आहे ना, हे एकदा विचारून ठेवा.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती उलट्या व्यवहारात. १२ मार्चला ७०० रुपयांनी ३०० शेअर घेतले, तर सहा महिने, म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत, विकता येत नाहीत. जूनमध्ये विंडो उघडी दिसली आणि ७८० ला विकले, तर झालेला २४,००० रुपये नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो. घरात आजारपण, कॉलेजची फी अशी खरी अडचण असेल तर विकण्याआधी लेखी सूट मागा. अधिकारी कारण नोंदवून ती देऊ शकतो. विकून झाल्यावर मागितलेल्या माफीला काही अर्थ नसतो. ईसॉपचे, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांना देऊ केलेले, शेअर घेणे या बंधनात येत नाही, मात्र ते विकताना विंडो आणि प्री-क्लिअरन्स दोन्ही लागतात.

मोडले तर

कंपनी पगारवाढ रोखू शकते, निलंबित करू शकते आणि शेअर बाजाराला कळवते. सेबी कायद्याच्या कलम १५जी प्रमाणे दंड किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त ते. कलम २४ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीस हजारांच्या नफ्यासाठीही कायद्यातली सुरुवात १० लाखांपासूनच आहे. आणि नुसती माहिती सांगणे हाही भंगच. तुम्ही एक रुपया कमावला नाही आणि मेहुण्याने कमावला, तरी तुम्ही त्यात आहात.

कलमांपेक्षा आम्हाला जास्त लागते ते वेगळेच. तुम्ही कमी भावात घेतलेला प्रत्येक शेअर कुणीतरी विकलेला असतो. तो कदाचित रावपुऱ्यातला निवृत्त कारकून असेल, ज्याला उद्याचा करार ठाऊक नव्हता. तुम्हाला ठाऊक होता. मधला फरक त्याच्या खिशातून आलेला असतो.

अर्ज नाकारला गेला तर कारण मिळेलच असे नाही, आणि ते विचारत बसू नये. पण ‘मला या आठवड्यात परवानगी मिळाली नाही’ हे घरी किंवा ग्रुपवर सांगणेही टाळा. विंडो उघडी असताना मिळालेला नकार हाच ऐकणाऱ्याला काहीतरी शिजतेय असा इशारा देतो, आणि तो तुमच्या तोंडून बाहेर गेलेला असतो.